रंगण्याआधीचा खेळ

आमच्या गेमचा नायक पहिले कित्येक महिने एक राखाडी कॅप्सूल होता. वरून-खालून गोल, मधे सरळ, हात-पाय-तोंड काही नाही. त्याचं जगही राखाडीच. घर म्हणजे खोका, डोंगर म्हणजे तिरपा खोका, शत्रू म्हणजे दुसरी कॅप्सूल, फक्त लाल. या कॅप्सूलला पळायला, उड्या मारायला, चढायला आणि पडायला शिकवणं हे माझं काम. पदाचं नाव गेमप्ले प्रोग्रॅमर.

(जाता जाता: गेम बाजारात आल्यावरही ती कॅप्सूल आत असतेच. भिंतीला धडकते ती कॅप्सूल. चेहरा, केस, अंगरखा, पाठीवरची तलवार हे सगळं तिच्यावर चढवलेलं असतं. तलवारीचं टोक कधीकधी भिंतीत आरपार घुसलेलं दिसतं ते म्हणूनच. ते कॅप्सूलच्या बाहेर असतं आणि भिंतीला त्याचा पत्ताच नसतो.)

आधी मी साध्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. तिथे काम झालं की नाही हे ठरवणं सोपं होतं. बटण दाबलं, फॉर्म सेव्ह झाला, संपलं. इथे उडीचा कोड लिहायला फार वेळ लागला नाही. बटण दाबलं की कॅप्सूल वर जायची, खाली यायची, कुठे अडकायची नाही. मी टिकेट, म्हणजे त्या कामाची नोंद, बंद करणार तोच डिझायनरने कंट्रोलर हातात घेतला, चार-पाच उड्या मारल्या आणि म्हणाला, "चालतेय. पण मजा नाही येत."

गेम स्टुडिओतलं काम म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मला हेच वाक्य आठवतं. बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर गेमच्या सहवासात असतो. असतो खरं, पण जो अजून गेम झालेलाच नाही अशा गेमच्या. तो कंटाळवाणा असतो, कुरूप असतो, दर थोड्या वेळाने बंद पडतो, आणि तरीही त्यात पुढे काय दडलंय हे ओळखून रोज त्यावर काम करायचं असतं. अर्धवट गोष्टीची पारख करता येणं ही या धंद्यातली सगळ्यात अवघड विद्या आहे असं माझं मत झालंय. कोड लिहिणं त्यामानाने शिकता येतं.

तर उडी. भौतिकशास्त्राप्रमाणे अगदी बरोबर असलेली उडी हाताला वाईट लागते. वर जाताना आणि खाली येताना गुरुत्वाकर्षण सारखंच ठेवलं की नायक तरंगल्यासारखा वाटतो. म्हणून खाली येताना ते वाढवायचं. बटण पटकन सोडलं तर उडी छोटी, धरून ठेवलं तर मोठी. म्हणजे पायाने जमीन सोडल्यावरसुद्धा उडीची उंची खेळणाऱ्याच्या बोटाखाली. निसर्गात असं काही नसतं, पण गेममध्ये हे नसलं तर खेळणाऱ्याला बांधून ठेवल्यासारखं होतं.

मग कड्याचा प्रश्न. खेळणारा पळत येतो आणि अगदी टोकावरून उडी मारतो, निदान त्याला तसं वाटतं. प्रत्यक्षात त्याचे पाय केव्हाच हवेत गेलेले असतात. कोडच्या लेखी तो पडतोय, त्यामुळे बटण दाबूनही उडी नाही. खेळणारा शिव्या देतो, आणि नियम आमच्या बाजूने असला तरी शिव्या रास्त असतात. उपाय जुना आहे. त्याला कायोटी टाइम म्हणतात, कार्टूनमधल्या त्या प्राण्यावरून, जो कडा संपल्यावरही हवेत पळत राहतो आणि खाली बघितल्यावरच कोसळतो. कडा सुटल्यानंतरही काही फ्रेम, म्हणजे पडद्यावरची काही चित्रं बदलेपर्यंत, उडीची मुभा द्यायची. तसंच उलट बाजूनेही करायचं. जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबलं तर तो दाब लक्षात ठेवायचा आणि पाय टेकताक्षणी उडी द्यायची. आमचा गेम सेकंदाला 60 फ्रेमचा होता, म्हणजे एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. मुभा फारच कमी ठेवली तर लोक कड्यावरून पडायचे, जास्त ठेवली तर हवेतच पायरी असल्यासारखं दिसायचं. या दोन्हींच्या मधला, एक दशांश सेकंदाच्या आसपासचा आकडा शोधायला मोठमोठी माणसं खोलीत बसून वाद घालत होती. मला ते आधी हास्यास्पद वाटायचं. नंतर मीच घालायला लागले.

एकदा सगळ्यांचं एकमत झालं की उडी जड वाटते. मी गुरुत्वाकर्षण कमी केलं, सुरुवातीचा वेग वाढवला. तरी जडच. मग लक्षात आलं की तोवर कॅप्सूलवर कामचलाऊ शरीर चढलं होतं आणि अ‍ॅनिमेटरने उडीआधी गुडघे वाकवण्याच्या काही सुंदर फ्रेम ठेवल्या होत्या. बटण दाबल्यावर नायक आधी वाकायचा, मग उडायचा. अ‍ॅनिमेशन शिकताना सुरुवातीलाच सांगतात की हालचालीआधी तिची तयारी दाखवा. गेममध्ये ती तयारी खेळणाऱ्याच्या बोटाने आधीच केलेली असते. त्या फ्रेम काढल्या. अ‍ॅनिमेटर काही दिवस माझ्याशी तुटक बोलत होती, आणि तिच्या जागी मीही तशीच वागले असते. एवढं करूनही जडपणा पूर्ण गेला नाही. शेवटी साउंड डिझायनरने पाय टेकण्याचा 'धप्प' आवाज काढून तिथे छोटा, कोरडा आवाज ठेवला आणि डिझायनर म्हणाला, "हां, आता हलकी झाली." त्या दिवशी माझ्या कोडमधला एकही आकडा बदललेला नव्हता.

त्या 16.7 मिलिसेकंदांवरून होणारी भांडणं वेगळीच. तेवढ्या वेळात शत्रूंनी विचार करायचा, वस्तू आपटायच्या, आवाज मिसळायचे आणि पूर्ण चित्र काढून पडद्यावर द्यायचं. उशीर झाला की फ्रेम गळते आणि हाताला धक्का जाणवतो. त्यामुळे प्रत्येक विभागाला मिलिसेकंदांचा वाटा ठरवून दिलेला असतो आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा वाटा मोठा वाटतो. आर्टिस्टला अजून गवत हवं असतं, मला अजून शत्रू हवे असतात. ग्राफिक्स प्रोग्रॅमर दोघांनाही नाही म्हणतो आणि स्वतःच्या सावल्यांसाठी वेळ मागतो. 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगाने सरकतात, कारण तेव्हाच्या यंत्राला कमी चित्रं काढायला कमी वेळ लागायचा. यंत्राच्या मर्यादेतून निघालेली ती गोष्ट तशीच ठेवली आणि तोच त्या गेमचा थरार झाला. आमच्या नशिबी असं काही आलं नाही. आमचे शत्रू वाढले की गेम नुसताच अडखळायचा.

आता शिडी. मीटिंगमध्ये शिडीचा विषय निघाला की जुनी माणसं एकमेकांकडे बघतात. मला कळेना, एवढं काय त्यात? वर दाबलं की वर, खाली दाबलं की खाली. पण गेममधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट नायक जमिनीवर आहे किंवा हवेत आहे या गृहीतकावर उभी असते, आणि शिडीवर तो दोन्हीकडे नसतो. गुरुत्वाकर्षण बंद करावं लागतं. हातातल्या तलवारीचं काय करायचं ते ठरवावं लागतं. हात पायऱ्यांवरच पडायला हवेत, म्हणून जगातल्या सगळ्या शिड्यांच्या पायऱ्यांमधलं अंतर एकच ठेवावं लागतं. मग शिडीची उंची त्या अंतराच्या पटीतच हवी, आणि ती ज्या भिंतीला लावायची तिचीही. लेव्हल डिझायनरने आधीच बांधलेल्या अर्ध्या भिंती त्या मापात बसत नव्हत्या. वरच्या टोकाला पोचल्यावर नायकाने कठड्यावर चढायचं, पण पाय कुठला पुढे असेल ते आधी कळत नाही, म्हणून तेच अ‍ॅनिमेशन दोनदा, डाव्या पायाचं आणि उजव्या पायाचं. खाली उतरताना कॅमेरा नायकाच्या मागे राहायला जातो आणि जमिनीत शिरतो.

हे सगळं झालं की शत्रू. शत्रूंना शिडी चढता येत नसेल तर खेळणारा वर जाऊन निवांत बाण मारत बसतो आणि लढाईचा विचका होतो. चढता येत असेल तर प्रत्येक जातीच्या शत्रूला चढण्याचं अ‍ॅनिमेशन, आणि मधेच मार बसला तर पडण्याचंही. वरून एक उतरतोय आणि खालून एक चढतोय, कोणी थांबायचं? आमच्या गोष्टीत नायकाबरोबर एक सोबतीण होती. ती कायम शिडीच्या पायथ्याशी अडकायची, कारण नायक शिडीवर असेपर्यंत जागा मोकळी नाही असं तिला वाटायचं. तो वर गेला की ती तिथेच उभी. यावर शेवटी काढलेला उपाय सांगते. कॅमेऱ्यात ती दिसत नसेल तेव्हा तिला गुपचूप उचलून वर ठेवायची. खेळणारा वळून बघतो तर ती मागेच उभी, धापा टाकत. धापांचा आवाज मुद्दाम घातला होता.

या सगळ्याच्या ऐन मध्यात प्रोड्यूसरने शांतपणे विचारलं, "शिड्या काढूनच टाकल्या तर?" कोणी काही बोललं नाही. लेव्हल डिझायनरचा एक अख्खा बुरूज शिड्यांवर उभा होता. तडजोड अशी झाली की शिड्या राहतील, पण जिथे लढाई आहे तिथे एकही शिडी नको. खेळणाऱ्याला यातलं काही कळणार नाही, कळूही नये. पण पुढे कुठलाही गेम खेळताना शिडी दिसली की मी आधी आजूबाजूला शत्रू आहेत का बघते.

शिड्या वाचल्या, पोहणं वाचलं नाही. माझ्या शेजारी बसणारा प्रोग्रॅमर कितीतरी महिने पोहण्यावर काम करत होता: बुडी, श्वास, पाण्याखालचा कॅमेरा. चांगलं झालं होतं. पण पोहणं ठेवायचं तर पाण्याखाली बघण्यासारखं काहीतरी हवं, म्हणजे आर्टिस्टांचं तेवढंच काम अजून, आणि ते कुठूनही निघत नव्हतं. एका दुपारी निर्णय झाला. त्यानंतर आमच्या गेममध्ये पाण्यात पडलं की पडदा काळा होतो आणि नायक काठावर परत उभा. पोहण्याचा कोड मात्र पूर्ण काढता आला नाही. तो उपटायला गेलं की कुठलं तरी भलतंच दार उघडायचं थांबायचं. म्हणून तो तसाच आत राहिला, बंद करून. गेमच्या फाइली उकरणाऱ्या उत्साही लोकांना अशा टाकून दिलेल्या गोष्टी सापडतात आणि ते "यांनी हे आमच्यापासून लपवलं" म्हणतात. लपवलेलं काही नसतं, हात लावायची भीती असते एवढंच.

रोजच्या दिनक्रमाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी उभ्याउभ्या छोटी मीटिंग, मग टिकेटं. रात्री यंत्र आपोआप पूर्ण गेम बांधतं आणि सकाळी तो चालतोय की नाही हे सगळ्यांना कळतं. बिल्ड फुटला असेल तर कोणाच्या बदलाने फुटला हेही कळतं. लेव्हलच्या आणि अ‍ॅनिमेशनच्या फाइली प्रचंड मोठ्या असतात आणि दोघांनी केलेले बदल त्यांत एकत्र करता येत नाहीत, म्हणून एकाने फाइल घेतली की बाकीच्यांना कुलूप. कोणी कुलूप लावून सुट्टीवर गेलं की त्याचं नाव दिवसभर निघतं. आणि गुप्तता. गेमचं खरं नाव आम्हालाही उशिरा कळलं, तोवर एक सांकेतिक नाव होतं. घरच्यांना काय सांगायचं तर "एक गेम आहे." मधेच गेम रद्द झाला तर दाखवायला हातात काहीच उरत नाही. या धंद्यात वर्षानुवर्षं काम करूनही एकही गेम बाहेर न आलेली माणसं मला भेटली आहेत, आणि ती वाईट काम करणारी मुळीच नव्हती.

पैसे देणारा प्रकाशक वेगळा असेल तर तो टप्प्याटप्प्याने देतो, आणि त्यातला निर्णायक टप्पा म्हणजे व्हर्टिकल स्लाइस. गेमचा छोटासा तुकडा, पण पूर्ण झाल्यासारखा दिसणारा. आम्ही दहा-पंधरा मिनिटांचा एक भाग घासूनपुसून चकाचक केला. कॅमेरा जिथे वळणार नव्हता तिथे मागे काहीच नव्हतं. एका दरवाज्यापलीकडे पोकळी होती, म्हणून तो दरवाजा उघडायचाच नाही असं दाखवणाऱ्याला बजावून ठेवलं होतं. प्रकाशक खूश झाला. गोची अशी की आम्हीही खूश झालो. त्या पंधरा मिनिटांना किती वेळ लागला याचा हिशेब उरलेल्या तासांना लावला असता तर पोहणं तेव्हाच कापलं गेलं असतं. हा हिशेब मांडणारा एक प्रोड्यूसर होता, पण चकाचक तुकडा डोळ्यांसमोर असताना तक्ते कोण बघतो.

आपण काय बनवतोय हे आम्हाला खऱ्या अर्थाने कळलं ते प्लेटेस्टमध्ये. बाहेरची माणसं बोलावतात, त्यांना कंट्रोलर देतात आणि आम्ही काचेपलीकडे बसतो. त्यांना आम्ही दिसत नाही. आणि एक शब्दही बोलायचा नाही, मदत करायची नाही, कारण विकत घेतलेल्या गेमबरोबर प्रोग्रॅमर घरी येत नाही. मी ज्या पहिल्या बाईंना बघितलं त्या एका खोलीत अडकल्या. बाहेर जायचा रस्ता वर होता, झरोक्यातून, आणि त्यांनी एकदाही मान वर केली नाही. खोलीच्या चारी भिंतींना हात लावून झाला, लाकडी पेट्या फोडून झाल्या. आमचा लेव्हल डिझायनर काचेला नाक लावून "वर बघा, वर बघा" पुटपुटत होता. खेळणारे वर बघत नाहीत हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं, आणि तरीही प्रत्येकाला वाटतं की आपल्या खोलीत बघतील. दुसऱ्या दिवशी झरोक्यातून प्रकाशाचा झोत खाली जमिनीवर आला आणि एक पक्षी फडफडत वर उडून बाहेर गेला. पुढच्या प्लेटेस्टमध्ये बहुतेकांची नजर पक्ष्यामागे गेली. पडद्यावर "वर पाहा" असं लिहायचा प्रस्तावही होता. पण पडद्यावरचं कोणी वाचत नाही, हे आम्ही त्याच काचेतून बघितलं होतं.

प्लेटेस्टनंतर लोक उपाय सुचवतात. तलवार अजून जोरात लागायला हवी, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. तलवारीचा मार आम्ही वाढवला नाही. शत्रूला मार लागला की दोन-तीन फ्रेम सगळं जागच्या जागी गोठवायचं आणि कॅमेरा किंचित हलवायचा, एवढंच केलं. तक्रार बंद झाली. त्यांना जे खटकत होतं ते खरं होतं, कारण मात्र त्यांनी दुसरंच सांगितलं होतं.

टेस्टरांबद्दल लिहायला हवं, कारण त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं. गेम खेळायचे पैसे मिळतात असं त्यांच्या कामाचं वर्णन होतं. ते खेळत नाहीत. ते एका लेव्हलच्या प्रत्येक भिंतीला, प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक कोनातून जाऊन धडकतात. दुसऱ्या दिवशी नवा बिल्ड येतो आणि त्याच भिंती पुन्हा. रात्रभर गेम नुसता चालू ठेवून सकाळी किती मेमरी गळली ते बघतात. आमच्याकडे एक टेस्टर होती, तिची टिकेटं वाचणं हे शिक्षण होतं. कुठे उभं राहायचं, काय दाबायचं, काय व्हायला हवं, काय होतं, दहापैकी किती वेळा होतं. "गेम विचित्र वागतोय" असलं काही नाही. बग तिच्याकडून आला म्हणजे तो आहेच, यावर मी पैज लावली असती.

तरी सगळे बग सुटत नाहीत. शेवटच्या काळात रोज ट्रायज असतो. प्रोड्यूसर, लीड प्रोग्रॅमर, डिझायनर, टेस्टिंगचा लीड बसतात आणि प्रत्येक टिकेटचा निवाडा करतात. आत्ता सोडवायचा, नंतर सोडवायचा, सोडवायचा नाही, किंवा 'जाणूनबुजून असंच'. या शेवटच्या शेऱ्यामागे काय काय दडवलं जातं ते आम्हालाच माहीत. सुरुवातीला मला हा आळस वाटायचा. पण शेवटी शेवटी प्रत्येक दुरुस्ती हा नवा धोका असतो. एका ओळीने दुसरीकडे काय मोडेल ते तपासायला टेस्टरांचे दिवस जातात, आणि दिवस उरलेले नसतात. उलट बाजूलाही उदाहरण आहे. 2013 मध्ये आलेल्या 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' या गेममधले परग्रहवासी मठ्ठासारखे वागतात म्हणून त्याची थट्टा झाली होती. पुढे 2018 मध्ये चर्चा झाली ती एका हौशी खेळाडूच्या शोधाची. सेटिंगच्या फाइलमध्ये 'टेदर' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं पडलं होतं. ते खोडलं की शत्रू आधीपेक्षा बरेच हुशारीने वागायला लागत. ही बातमी आली त्या दिवशी आमच्याकडे कोणी फार हसलं नाही. सगळे आपापल्या फाइली उघडून बसले.

आणि क्रंच, म्हणजे गेम वेळेत संपवण्यासाठी रात्री-शनिवारी चालणारं जादा काम. याबद्दल बाहेर बरंच बोललं गेलंय. 2004 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने निनावी लिहून तिथल्या कामाच्या तासांना वाचा फोडली, त्यानंतर ओव्हरटाइमच्या पैशांवरून खटले झाले आणि कंपनीला तडजोडी कराव्या लागल्या. त्यानंतर सगळं बदललं असं म्हणता येत नाही. आमच्याकडे क्रंच जाहीर झाला नव्हता. कोणीच "उद्यापासून रात्री थांबा" म्हणालं नाही. एवढंच झालं की संध्याकाळी उठणाऱ्याकडे लोक बघायला लागले, मग शनिवारी येणारे वाढले, मग शनिवार हा वारच उरला नाही. त्या काळात मी लिहिलेल्या कोडचा बराच भाग पुढे मलाच दुरुस्त करावा लागला. झोप नसलेल्या माणसाचं तेराव्या-चौदाव्या तासाचं काम म्हणजे दुसऱ्या दिवसाचे बग. हे व्यवस्थापनालाही ठाऊक असतं.

मग क्रंच होतो कशाला? चुकलेलं नियोजन हे कारण आहेच, आणि त्याचा दोष वरच्यांचाच. पण आतून बघितलेलं एक कारण मी कुठे वाचलं नाही. गेम फार उशिरा गेम होतो. महिनोन्महिने कंटाळवाणा असलेला तो ढिगारा शेवटच्या काही आठवड्यांत अचानक जुळून येतो. आवाज येतात, प्रकाश बसतो, शत्रू शहाण्यासारखे वागतात, आणि एक दिवस तपासायला म्हणून कंट्रोलर घेतलेला माणूस अर्धा तास खाली ठेवत नाही. नेमकं तेव्हाच वेळ संपत आलेला असतो. आता कुठे ही गोष्ट चांगली होतेय, अजून एवढं केलं तर किती छान होईल, असं प्रत्येकाला वाटायला लागतं. ती ओढ खरी असते, आणि तिच्यावर फुकट कामाचं वेळापत्रक बांधणं हे मला आजही अप्रामाणिक वाटतं. लोक स्वतःहून थांबतात, असं त्या वेळी आम्हाला ऐकवलं जायचं. कोण का थांबतंय हे ऐकवणाऱ्यांनाही कळत होतं.

शेवटचा अडथळा कन्सोल कंपन्यांचा. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडो, प्रत्येकाची नियमांची यादी असते आणि त्यांच्या तपासणीतून पार पडल्याशिवाय गेम त्यांच्या यंत्रावर येत नाही. निन्टेंडोच्या तपासणीला लॉटचेक म्हणतात. गेम चांगला आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. खेळताना कंट्रोलर तुटला तर गेम थांबतो का? सेव्ह होत असताना तसं चिन्ह दिसतं का? बटणांची नावं त्यांनी ठरवलेलीच वापरली आहेत का? जागा संपली असेल तर सेव्ह करताना काय होतं? आम्ही एकदा परत आलो ते नायक शिडीवर असताना कंट्रोलर काढला तर गेम थांबत नव्हता म्हणून. शिडीवर बटणांचं ऐकणारा कोड वेगळा होता ना. पुन्हा शिडी!

तपासणी पार पडली की गेम गोल्ड झाला असं म्हणतात. कारखान्यात पाठवायच्या मास्टर डिस्कच्या काळापासूनचा शब्द. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले आणि त्याच दुपारी आम्ही पहिल्या दिवशीच्या पॅचच्या, म्हणजे दुरुस्त्यांच्या अपडेटच्या, कामाला लागलो. डिस्क छापून दुकानांत पोचेपर्यंत मिळणारा वेळ कोणी वाया घालवत नाही. ट्रायजमध्ये 'नंतर' म्हटलेलं सगळं त्यात येतं.

गेम आला. लोकांनी विकत घेतला, काहींना आवडला. परीक्षणांत उडीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणजे उडी जमली. श्रेयनामावलीत मधेच सोडून गेलेल्यांची नावं नव्हती. पोहणं लिहिणारा माझा शेजारीही त्यातलाच. यावर आम्ही काही जणांनी लेखी हरकत घेतली, पुढच्या अपडेटमध्ये नावं आली. टेस्टर बहुतेक कंत्राटी होते, त्यांची कंत्राटं रिलीजबरोबर संपली. तिकडे मात्र हरकत चालली नाही.

पुढे एका खेळाडूचा व्हिडिओ फिरायला लागला. शिडीच्या वरच्या टोकाला पोचताना नेमक्या एका फ्रेमला पॉज करून तलवार उपसली की गेमला वाटत राहतं, नायक अजून शिडीवरच आहे. गुरुत्वाकर्षण बंद ते बंदच. मग तो हवेतून सरळ वर चढतो आणि बुरुजासकट अर्धी लेव्हल ओलांडून पलीकडे उतरतो. कमीत कमी वेळात गेम संपवणाऱ्यांची यामुळे चंगळ झाली. आम्ही जुन्या याद्या चाळल्या. त्या टेस्टरने हा बग रिलीजच्या कितीतरी आधी नोंदवला होता, कुठल्या फ्रेमला काय दाबायचं यासकट, आणि 'असं कोणी करणार नाही' म्हणून तो मागे पडला होता.

टिकेट पुन्हा ट्रायजला आलं. दुरुस्ती सोपी होती. डिझायनर म्हणाला, राहू दे, लोक शर्यती लावतायत त्यावर. प्रोड्यूसरने विचारलं, सेव्ह खराब होतो का? नाही. गेम बंद पडतो का? नाही. मग शेरा मारला, 'जाणूनबुजून असंच', आणि आम्ही पुढच्या टिकेटकडे वळलो. ते सोबतिणीचं होतं. कोणाच्या तरी घरी ती बंद दाराच्या आरपार चालत जात होती आणि पलीकडून नायकाला "लवकर ये" म्हणत होती.